झेब्र्याची लीद

पंच्याऐंशी साली एका सर्कशीने आपली झेब्रा मादी आणि तिचं शिंगरू जूचंद्रजवळच्या एका कुंपणात ठेवलं आणि स्वतः दौऱ्यावर निघून गेली. जनावरांपाशी राखणदार एकनाथ राहिला. लीद तपासायचं काम वसईचे जनावरांचे डॉक्टर कॉन्रॅड यांच्याकडे आलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि गुडघे सायकल मारू देत नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडीच अंडी दिसत. डॉक्टर केळ्यात औषध कालवून देत. अंडी कमी होत आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेवढीच दिसत. मादी आणि शिंगरू, दोघांच्याही बरगड्या वर आल्या.

"औषध लागू पडत नाही का?" एकनाथने विचारलं.

"पडतं. पण लिदीतली अंडी फुटतात, अळ्या गवतावर चढतात आणि ही तेच गवत खातात. जागा बदलायला हवी."

एकनाथने मॅनेजरला फोन लावले. बघतो, एवढंच उत्तर आलं.

गणपती गेल्यावर मादी आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं तर आतडं जंतांनी भरलेलं. एकनाथ शिंगराला घेऊन कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. हात धुताना डॉक्टरांच्या मनात आलं, रागवावं तर अंगात तेवढं बळही नाही.

वसईतल्या होळी गावातल्या घरी ते बायकोला म्हणाले, "सेलिन, शिंगरू आपल्या वाडीत आणतो. औषध देऊन, मागच्या पडीक तुकड्यात. तिथे कधी जनावर चरलेलं नाही."

"आणि लीद कोण उचलणार?"

"मी."

पहिले काही दिवस त्यांनी उचलली. मग त्यांना वाकवेना. सेलिन घमेलं घेऊन जाऊ लागली.

नाताळपर्यंत शिंगराच्या पट्ट्यांवर चकाकी आली. अंडी आता शोधावी लागत. त्याच सुमारास शिंगराला न्यायला सर्कशीचा ट्रक आला.

"रोज लीद उचलायची, आणि दर मुक्कामाला नवी जागा," डॉक्टर म्हणाले.

"दर मुक्कामाला ट्रकमागे जेवढी मिळते तेवढीच जागा असते, डॉक्टर," एकनाथ म्हणाला. "लीद मात्र उचलीन."

डॉक्टरांनी मान हलवली. पुढच्या मुक्कामाचं गाव विचारून घेतलं आणि तिथल्या जनावरांच्या डॉक्टरला चार ओळी लिहायला ते आत जाऊन बसले.