गठ्ठा न देता मागितलेली अनामत

सबाचे पैसे बुडाले हे ज्या दुपारी घरात कळले, त्या दुपारी तिचा लॅपटॉप माझ्याच पाठीवर उघडा होता. तिचे वडील मौलाली रिक्षा दारात लावून जेवायला आले होते. सबाने ताट वाढले नाही. ती म्हणाली, "अब्बा, कंपनीवाले फोन उचलत नाहीत."

"जेवायला गेले असतील की."

"सोमवारपासून जेवतायत का? मला ग्रुपमधून काढून टाकलंय. त्यांचं नाव टाकून शोधलं, तर लोकांनी लिहिलंय, हे फसवणारे आहेत म्हणून."

मौलालींनी माझा खण ओढला, आतला पत्र्याचा डबा काढला आणि हलवला. आत फक्त बटणे वाजली.

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. सोलापुरात विजापूर वेशीजवळ, दोन खोल्यांच्या घरात, खिडकीखाली मी उभे असते. त्या डब्यात काय होते आणि ते कसे गेले, हे मला तुम्हाला सांगायचे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझे डोके लोखंडाचे आणि टेबल सागवानी आहे. कारखान्यातले फारसे आठवत नाही. ताज्या रंगाचा वास आणि शेजारी माझ्यासारखीच ओळीने उभी असलेली मशीन, एवढेच आठवते. मौलालींचे अनिसाशी लग्न झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी मला तिच्यासाठी विकत घेतले. स्वतःच्याच रिक्षात आडवे घालून आणले. माझे पाय बाहेर आले होते.

चौकात त्यांचा मित्र शिवप्पा ओरडला, "मौलाली, पेशंट कुटं नेतोस रं?"

"पेशंट न्हाय, डॉक्टर हाय," मौलाली म्हणाले. "फाटलेलं सगळं बरं करतो."

त्या काळात गुरुराज शेठ शाळांचे गणवेश शिवून घेत. कापड कापून त्याचे गठ्ठे ते बायकांना घरी शिवायला देत. नवीन बाई आली की पहिल्या गठ्ठ्याला अनामत ठेवून घेत. कापड त्यांचे असे, आणि कोणी ते घेऊन पसार झाले तर? म्हणून कोणी पैसे ठेवी, कोणी घरातले भांडे ठेवी. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. अनिसाने तांब्याचा हंडा नेला.

शेठ म्हणाले, "भाभी, हंडा इथं ठेवलात तर पाणी कशात भरणार?"

"तहान लागायच्या आत शिवून आणते की," अनिसा म्हणाली.

तिने तसेच केले. माझा पट्टा गरम होईपर्यंत ती बसली. गठ्ठा परत गेला, हंडा घरी आला. पुढे शेठनी तिच्याकडून कधी काही ठेवून घेतले नाही. पण घरात गोष्ट झाली ती झालीच. सबा लहानपणी जेवायला नाटके करायची, तेव्हा मौलाली तिला म्हणायचे, "तुझ्या अम्मीनं हंडा गहाण ठेवून हे घर उभं केलंय, खा गुमान."

अनिसाच्या हाताखाली माझे चांगले दिवस गेले. जून जवळ आला की घरभर निळे-पांढरे कापड पसरायचे. तिच्या कॉलरला इस्त्रीही लागत नाही, असे शेठ इतर बायकांना सांगायचे. ते ऐकून ती मला जरा जास्त तेल घालायची. जणू अर्धे कौतुक माझे होते.

मग ती आजारी पडली. पायडल मारताना तिला दम लागू लागला. एके दिवशी हातातले काम पुरे करून तिने माझ्यावर कापड टाकले. ते कापड तिने पुन्हा काढले नाही. गेल्या उन्हाळ्यात ती गेली.

कबरीवर खूण म्हणून मौलालींनी एक वीट उभी केली. तिथे अनिसाच्या नावाचा दगड बसवायचा, असे त्यांनी ठरवले. रोज संध्याकाळी रिक्षा लावली की ते माझा खण उघडत आणि दिवसाच्या कमाईतले काहीतरी बटणांच्या डब्यात टाकत. मग खण फार हळू लावत. मित्रांनो, डब्यात होते ते हे होते.

माझ्यावर धूळ बसली. पट्टा सैल झाला. मग एक दिवस सबाने ते कापड काढले. मला वाटले, आता सुई चालणार! पण तिने माझे डोके खाली पोटात वळवले, वर फळी बसवली आणि फळीवर लॅपटॉप ठेवला. तेव्हापासून मला दिसते कमी आणि ऐकू जास्त येते.

मला त्या पाहुण्याचे फार कुतूहल वाटे. वरून टकटक ऐकू यायची, पण दोरा संपत नव्हता. चिंध्या पडत नव्हत्या. मग हे शिवतंय तरी काय? शेजारच्या सुंदरम्मांनाही तोच प्रश्न पडला होता.

"काय गं सबा, दिवसभर मशीनवर बसतेस, कापड तर कुठं दिसत नाही."

"भाषांतर करते, मावशी. उर्दूचं मराठी, मराठीचं उर्दू. शब्द शिवते म्हणा."

"मग माझ्या सुनेला दोन गोड शब्द शिवून दे की. मापं मी देते."

सबा नवीन होती. कॉलेज संपले होते, घरबसल्या काम मिळावे म्हणून ती रोज शोधत होती. एके दिवशी ती उड्या मारतच उठली. परदेशातल्या एका कंपनीला तिचा नमुना फार आवडला होता. एक अख्खे पुस्तक भाषांतराला मिळणार होते. फक्त आधी अनामत भरायची होती. काम पुरे झाले की ती परत मिळणार होती, आणि पुस्तकाची पाने अनामत जमा झाल्यावर उघडणार होती.

सबा घुटमळली. "अब्बा, कामासाठी पैसे आपण द्यायचे?"

मौलाली हसले. अनिसा गेल्यापासून मी त्यांचे हसू फारसे ऐकले नव्हते. "अगं, अनामत ठेवावीच लागते, बेटी. विश्वास कसा बसणार त्यांचा? तुझ्या अम्मीनं हंडा ठेवला होता की."

त्यांनी डबा उघडला. "दगड थांबेल थोडा. तुझं काम झालं की पैसे परत येणारच हायेत. तुझ्या अम्मीला बरंच वाटेल."

इतके ते खुशीत होते. मला मात्र एक गोष्ट कळत नव्हती. अनिसा हंडा ठेवून आली, त्या दिवशी कापडाचा गठ्ठा माझ्या टेबलावर आदळला होता. या वेळी माझ्यावर काहीच आदळले नाही. मी वाट पाहत राहिले.

आता पुन्हा त्या दुपारकडे येऊ. डबा मौलालींच्या हातातच होता, तेवढ्यात सबाचा फोन वाजला. नंबर नवा होता. सबाने फोनचा आवाज मोठा केला. एक बाई फार गोड बोलत होती. तुमची फाईल अडकली आहे, म्हणाली. आणखी थोडी रक्कम भरा, म्हणजे आधीची आणि ही, दोन्ही आजच परत मिळतील. उशीर केला तर काही परत मिळणार नाही.

मौलाली लगेच उठले. "शिवप्पाकडनं आणतो. तो न्हाय म्हणणार न्हाय."

"अब्बा, थांबा." सबाने फोन बंद केला. "अम्मीनं हंडा ठेवला, तेव्हा घरी येताना तिच्या हातात काय होतं?"

"गठ्ठा. मीच रिक्षात घातला की."

"आणि आपल्या हातात काय आलंय?"

मौलाली दारातच उभे राहिले. रिक्षाची किल्ली मुठीत तशीच होती. ते म्हणाले, "म्हणजे हंडाबी त्यांचा आन् गठ्ठाबी त्यांचाच."

"व्हय, अब्बा."

ते येऊन माझ्याजवळच्या स्टुलावर बसले. ते अनिसाचे स्टूल होते. "मीच सांगितलं तुला, ठेव म्हणून."

"मीही ठेवलेच की," सबा म्हणाली. तिने तिथूनच सायबर मदतीच्या १९३० नंबरला फोन लावला आणि जे झाले ते सगळे सांगितले. मग तिने ताट वाढले. दोघे थोडेसे जेवले.

सबाने काम सोडले नाही. आता एखादे काम आले की ती आधी खूप प्रश्न विचारते. तुम्ही कोण, छापखाना कुठे आहे, आधी कोणाकडून काम करून घेतलेत? परवा टेंभुर्णीच्या एका छापखान्याने तिला लग्नपत्रिकांचा मजकूर दिला. मजकूर आधी आला, तिने भाषांतर करून पाठवला, मग पैसे आले. मधे कोणी काही ठेवायला सांगितले नाही. सुंदरम्मांनी विचारले, "हे तरी खरं आहे ना गं?" सबा म्हणाली, "मावशी, गठ्ठा आलाय या वेळी."

मित्रांनो, मी लोखंडाचे आहे, मला तुमचे ते नवे काम पुरते समजत नाही. पण अनामत कशासाठी असते, ते मी माझ्या टेबलावर पाहिले आहे. तुमच्या हातात त्यांचे काही आले असेल, तरच तुमचे काही त्यांच्याकडे राहावे. नुसते काम देतो म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर घरातल्यांना विचारा. घरातले हो म्हणाले, तरी तुम्ही पुन्हा एकदा विचारा. आणि घरात माझ्यासारखे एखादे जुने मशीन असेल, तर त्याला अधूनमधून तेल घाला. गंज लागला की आम्ही कोणाच्याच कामाचे राहत नाही.

संध्याकाळी माझा खण पुन्हा उघडतो. आता डब्यात दोघांचे हात जातात. खण पूर्वीसारखाच हळू लागतो.

तक्रारीचे पुढे काय झाले, ते अजून कळलेले नाही. अनिसाच्या कबरीवर अजून वीटच उभी आहे. दगड बसवायचा राहिला आहे.