ऑर्विलच्या अंगणातली पाकोळी

मित्रांनो, मी एक म्हातारी पाकोळी आहे. वय आठ दिवस. हसू नका, आमच्यात एवढे म्हणजे पुष्कळ झाले.

त्याआधी मी अळी होते. आयोवातल्या याच अंगणात, गवताच्या मुळाशी रेशमी नळीत राहिले, पाती कुरतडली, बर्फाखाली हिवाळा काढला. आता पोटात जाते ते फक्त दव. पंख अंगाभोवती गुंडाळून बसले, की वाळकी काडी कोणती आणि मी कोणती, ओळखून दाखवा!

अंगणाचा मालक ऑर्विल. न्हाव्याने सैनिकाचे डोके भादरावे तसे तो गवत कापतो. ऑगस्टात ते तांबूस पडले. त्याच्या पावलांपुढून आम्ही भुर्रकन उडालो आणि त्याला गवत खाणारे चोर सापडले! शनिवारी विष फवारणारा येणार, असे ठरले. माझ्या पोटात दोनशे अंडी होती.

"अरे, मोजलंस का तरी?" कुंपणापलीकडून शेजारीण डॅग्नीने विचारले. तिचे गवत घोट्याच्या वर.

"मोजायचं काय त्यात? थवेच्या थवे उडतायत!"

"उडणारे गवत खात नाहीत, बाबा. खातात त्या अळ्या. आण बादली."

तिने भांडी घासायचा साबण पाण्यात कालवला आणि हातभर जागेवर ओतला. साबण झोंबला की अळ्या वर येतात. दहा मिनिटे दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसले. वर आल्या माझ्या दोन भाच्या.

"पंधरा आल्या असत्या तर घाबरायचं," डॅग्नी म्हणाली.

"बाकीच्या लपल्या असतील."

"हो ना, तुझं नाव ऐकून!" तिने तांबूस गवताचा झुबका ओढला. निघाला नाही. बुंधा पांढरा, जिवंत. "मेलेलं नाहीये हे, उन्हाने झोपलंय. तुझी ती हजामत आधी थांबव."

भाच्यांना तिने साध्या पाण्याने धुऊन सोडले. ऑर्विलने घसा खाकरून फोन लावला. "शनिवारी नको येऊस. अळीचं काम नाहीये हे... छे, दुसरं कोण सांगणार? मीच शोधून काढलं."

मित्रांनो, मी दयेची भीक मागत नाही. आम्ही पंधरा निघालो तर खुशाल भांडा. पण विष आणण्याआधी वाका आणि मोजा.

त्या संध्याकाळी डॅग्नीच्या उंच गवतात जागा भरपूर होती. मी तिकडे फिरकलेही नाही. उडता उडता दोनशेच्या दोनशे अंडी ऑर्विलच्या अंगणात सोडली. मी इथेच जन्मले. अंगण माझेही आहे.