मी चौथऱ्यावरून उतरलो

मित्रांनो, मी ब्राँझचा पुतळा आहे. वय विचाराल तर एकशे तीसच्या आसपास. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरच्या पोर्ट हिलरी गावात, बाजारचौकाच्या मधोमध, आठ फुटी दगडी चौथऱ्यावर मी आयुष्यातली बहुतेक वर्षं काढली. आता मी जमिनीवर उभा आहे. हे कसं झालं आणि बरं का झालं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. माझा चेहरा सर जोसाया पेनफोल्ड या माणसाचा आहे, पण तो माणूस मी नव्हे. तो मेल्यावर सत्तर वर्षांनी इंग्लंडमधल्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तांबं आणि कथील वितळवून साच्यात ओतलं, थंड झाल्यावर कानशीने घासलं. उजव्या हातात काठी दिली, डाव्या हातात कागदाची गुंडाळी. हा माणूस कोण होता, हे मला कोणी सांगितलं नाही. धातूला कोण सांगतो?

मग लाकडी पेटीत, सुक्या गवतात गुंडाळून मी जहाजाने इथे आलो. सर जोसायाचा नातू तेव्हा गावातली बडी असामी होता. त्यानेच मला बनवून घेतलं होतं. अनावरणाला बँड वाजला, शाळेतल्या मुलांना गोड पाव मिळाले. चौथऱ्यावर अक्षरं कोरली होती, ‘या गावाचा उपकारकर्ता. याने गावाला पाणी दिलं.’ चौकापलीकडचा मोठा हौद त्याने बांधला, असं त्या दिवशी सगळ्या भाषणांत सांगितलं गेलं. गर्दीत एक फार म्हातारी बाई होती. माझ्यावरचं कापड सरकलं, टाळ्या वाजल्या, तशी ती वळली आणि समारंभ संपेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, तिच्या डोळ्यांवर ऊन येत असेल. मी नवा होतो, मला काही कळत नव्हतं.

पुढची वर्षं भराभर गेली. माझ्या पायाशी मासे विकले गेले, जायफळांची पोती उतरली, निवडणुकांच्या सभा झाल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा एका तरुणाने माझ्या डोक्यावर चढून नवा झेंडा फडकवला. गुंडाळीकडे बघून मुलं म्हणायची, सर जोसायाच्या हातात रोटी आहे, शंभर वर्षं झाली तरी खात नाही. कोणाला पत्ता सांगायचा तर माझ्यावरून सांगत. ‘म्हाताऱ्याच्या काठीच्या दिशेने जा, मग डावीकडे वळ.’ गावाला माझी सवय झाली होती. आणि खरं सांगू? मलाही उंचीची सवय झाली होती.

मग मिस युलाली आली. ती नगरपालिकेची सफाई कामगार. दर शुक्रवारी सकाळी शिडी, बादली आणि साबण घेऊन यायची. कबुतरांची घाण खरवडायची, माझं तोंड धुवायची, बूट फडक्याने घासायची. काम करताना बडबड चालायची. “मान वर कर रे म्हाताऱ्या. कानात काय साठवलंयस बघ!” असं एकतीस वर्षं चाललं.

एका सप्टेंबरात मोठं वादळ आलं. बेटावरच्या बहुतेक घरांची छपरं उडाली. युलालीच्या घराचं छप्पर तर समुद्रापर्यंत गेलं. मी मात्र जागचा हललो नाही. लोक चिखलातून यायचे, मला हात लावायचे आणि म्हणायचे, “बघा, म्हातारा टिकला, आपणही टिकू.” त्या शुक्रवारीही युलाली बादली घेऊन आली. कोणीतरी हळहळून म्हणालं, “अगं, आज तरी घरचं बघ.”

ती म्हणाली, “घरात पुसण्यासारखं काही उरलेलं नाही. निदान हा तरी स्वच्छ असू दे.”

तेव्हापासून गावाने मला आपला मानलं. म्हणून पुढचा वाद जास्त दुखला.

युलालीची भाची डेल्मा. आई लवकर गेली म्हणून युलालीनेच तिला वाढवलं. ती शिकून गावच्या शाळेत इतिहास शिकवू लागली. राजधानीच्या दफ्तरखान्यात जुने कागद बघता बघता तिला १८१७ सालची एक यादी सापडली. सर जोसायाच्या मळ्यावर जी माणसं गुलाम म्हणून राबत होती, त्यांची यादी. दोनशे चौदा माणसं. तो हौदही त्याच माणसांनी बांधला होता, दगड डोक्यावरून वाहून. मग डेल्माने अर्ज लिहिला, हा पुतळा चौकातून काढावा, आणि सह्या गोळा करायला निघाली.

एका शुक्रवारी ती माझ्यापाशी आली. युलाली शिडीवर होती.

“मावशी, खाली उतर. या माणसाचे बूट तू कशाला पुसतेस?”

युलालीने हात थांबवला नाही. “हे बूट पुसले म्हणून तुझी शाळा झाली, मुली.”

डेल्मा हळूच म्हणाली, “मला माहीत आहे. म्हणूनच बघवत नाही.”

“तुझ्या अर्जावर मी सही करणार नाही. हे माझ्या हातचं काम आहे. माझी एकतीस वर्षं तू एका कागदावर खोडायला निघालीस.”

त्या दिवसापासून एका घरात राहून दोघी बोलेनाशा झाल्या. बाजारात सगळ्यांना कळलं. युलालीने पुतळा ठेवावा म्हणणाऱ्यांच्या अर्जावर सही केली. त्या बाजूचा म्होरक्या होता टॅक्सीवाला क्लोडियस. बंदरावर उतरलेले पर्यटक तो चौकात आणायचा, माझ्यासमोर त्यांचे फोटो काढायचा.

शेवटी नगरपालिकेने सभा बोलावली. सभागृहात माणसं मावेनात, म्हणून बाहेर चौकात कर्णा लावला. त्यामुळे मलाही शब्दन् शब्द ऐकू आला. आपल्याबद्दल गाव काय म्हणतं, हे ऐकण्याची संधी फार थोड्या पुतळ्यांना मिळते.

आधी क्लोडियस उठला. “पुतळा काढला की इतिहास पुसला जातो का? आणि मी पाहुण्यांना काय दाखवू? रिकामा चौथरा?”

डेल्मा म्हणाली, “दाखवा ना, क्लोडियसकाका. ते विचारतील, इथे काय होतं? मग तुम्हाला बोलावं लागेल. आज तुम्ही नुसतं बोट दाखवता आणि फोटो काढता.”

लोक हसले. क्लोडियसही हसला, पण खाली बसला नाही. “बरं, बोलेन. पण वादळात तो आपल्यासाठी उभा राहिला, ते कसं विसरू?”

“तो उभा राहिला कारण तो धातूचा आहे,” डेल्मा म्हणाली. “आपण मातीत राबलो, पत्रे गोळा केले, शेजाऱ्याचं घर आधी बांधलं. ते आपण केलं. त्याचं श्रेय त्याला कशाला?”

मित्रांनो, हे अगदी खरं होतं. मी काहीच केलं नव्हतं. बोल्ट मजबूत होते, एवढंच.

मग डेल्माने यादी वाचायला घेतली. नाव, वय, काम. एवढंच. “क्वाशी, चाळीस, ऊसतोड. फीबी, तीस, ऊसतोड. कफी, नऊ, गुरं राखणे. नाव दिलेलं नाही, मूल, दोन महिने.” सुरुवातीला सभागृहात कुजबुज होती. मग खुर्च्यांचा आवाज थांबला. बाहेर चौकात मासेवाल्यांनीही हात थांबवले. “बाशेबा, अकरा, मालकाच्या मोठ्या घरातलं धुणं आणि पुसणं.”

“थांब,” असा आवाज आला. तो आवाज मी हजारांत ओळखला असता. मिस युलाली उठली होती.

“पुन्हा वाच.”

“बाशेबा,” डेल्मा म्हणाली, “अकरा वर्षं. मालकाच्या मोठ्या घरातलं धुणं आणि पुसणं.”

मग युलाली बोलली. “म्हणजे त्याचे बूट ही पोर पुसत होती. खरे बूट. आणि तिच्यानंतर दोनशे वर्षांनी मी पुसतेय. एकतीस वर्षं मी म्हणत आले, ही माझी नोकरी, मी ती चोख करते. केलीच आहे, कोणी नावं ठेवून दाखवावीत! पण त्या पोरीला हातातलं फडकं खाली ठेवता येत नव्हतं. मला येतं.”

कोणीतरी टाळी वाजवली. तिने त्याला गप्प केलं.

“उद्यापासून मी त्याला हात लावणार नाही. अध्यक्षसाहेब, त्याला खाली घ्या, नाहीतर दुसरं कोणी शोधा. आणि क्लोडियस, तू दात काढू नकोस. शिडी मी तुझ्याच दारात ठेवणार आहे.”

सगळं सभागृह हसलं, आणि त्या हसण्यानंतर नगरसेवकांचं मतदान झालं. सात मतं काढावा म्हणून, चार ठेवावा म्हणून.

रात्र व्हायच्या आधीच सभा संपली. मावशी-भाची माझ्यासमोरून घरी निघाल्या. युलालीची पिशवी डेल्माने घेतली होती.

“रागावलीस अजून?” डेल्माने विचारलं.

“भूक लागलीय. नीरफणस भाजायला ठेवलायस का नाही?”

“ठेवलाय.”

“मग चल की. उगाच रडू नकोस चौकात.”

तुम्ही विचाराल, मला काय वाटलं? मला सुटल्यासारखं वाटलं. मी ब्राँझ आहे, माझ्या हातून कोणाला चाबूक बसला नाही. पण मला उंचावर उभं करून माझ्या पायाशी एक खोटं वाक्य कोरलं होतं, आणि सव्वाशे वर्षं मी ते न बोलता सांगत राहिलो. दोनशे चौदा माणसांच्या कष्टाचं पाणी एका माणसाच्या नावावर लावत राहिलो. त्या पहिल्या दिवशी पाठ फिरवलेल्या म्हातारीच्या डोळ्यांवर ऊन नव्हतं आलं, हे मला त्या सभेत कळलं.

मला उतरवायला बंदरावरची क्रेन आणली. शनिवारची सकाळ होती. बोल्ट गंजले होते, ते कापावे लागले, आणि माझ्या डाव्या बुटाची टाच चौथऱ्यातच राहिली. मी हवेत लोंबकळत असताना काही तरुण ओरडले, “समुद्रात टाका त्याला!” बऱ्याच जणांना ते पटलं. मलाही ते अन्यायाचं वाटलं नाही.

पण युलाली गर्दीतून पुढे आली. “समुद्रात टाकलात की तो सुटला,” ती म्हणाली. “मग तुमची नातवंडं विचारतील, असं काही खरंच घडलं होतं का? आणि दाखवायला काही नसेल. त्याला ठेवा. पण उंचावर नाही. ती नावं भिंतीवर लिहा आणि त्यांच्यासमोर उभा करा.”

काही महिने मी नगरपालिकेच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होतो. एक पाल माझ्या हातातल्या गुंडाळीत राहायला आली. गावातले काही म्हातारे रागावून चौकात बसायचे बंद झाले. एकाने मरेपर्यंत डेल्माशी बोलणं ठेवलं नाही. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण सहा महिन्यांनी जायफळाच्या एका जुन्या गोदामाची डागडुजी झाली, आणि मला तिथे नेलं.

आता मी इथेच असतो. चौथरा नाही, गज नाहीत. माझ्यासमोरच्या भिंतीवर डेल्माच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अक्षरात दोनशे चौदा माणसांची यादी लिहिली आहे. ज्या मुलांची नावं यादीत नव्हती, त्यांच्यासाठी एकेक ओळ कोरी सोडली आहे. शाळेची मुलं आधी माझ्याकडे धावतात आणि म्हणतात, “एवढाच?” खालून बघणाऱ्यांसाठी माझं डोकं मुद्दाम मोठं केलं होतं, समोर उभं राहिलं की ते भोपळ्यासारखं दिसतं. मुलं पोट धरून हसतात. मग भिंतीकडे वळतात आणि वाचायला लागतात. वाचता वाचता त्यांचं हसू कमी होतं. हे मी रोज बघतो, आणि मला यापेक्षा चांगलं काम आयुष्यात मिळालं नव्हतं.

क्लोडियस आता पाहुण्यांना इथे आणतो. पूर्वी तो दोन मिनिटांत फोटो काढून मोकळा व्हायचा. आता तासभर बोलतो, आणि युलालीने मध्येच दुरुस्ती केली की चिडतो. युलाली निवृत्त झाली आहे. दाराशी खुर्ची टाकून बसते आणि कोणी नावं न वाचता निघालं तर त्याला परत आत पाठवते.

मित्रांनो, आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू शेवटी विनंती करतात, आम्हाला सांभाळा. माझीही विनंती आहे, पण माझ्यासाठी नाही. मी काळाहिरवा पडलो तरी चालेल. भिंतीवरची अक्षरं पुसट होऊ देऊ नका. ज्यांचा पुतळा कोणी बनवला नाही, त्यांच्यासाठी तेवढंच आहे.

आणि तुमच्या गावच्या चौकात कोणी उंचावर उभा असेल, तर एक दिवस त्याच्यासमोर जा. त्याला विचारा, तुला इथे कोणी उभं केलं? तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं? मोठी माणसं कदाचित रागावतील. पुतळ्याला मात्र अशा प्रश्नाचा राग येत नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो.