आंघोळ रद्द, खेळ जादा

मी एक जुना फळा आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही तर नाही. मित्रांनो, मला सवय आहे.

सुतारानं मला सागाच्या चार फळ्या जोडून घडवलं, वर काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि बस स्थानकावर टांगलं. तिथं मी एकतीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांगितल्या. माझा मान काय वर्णावा! एकदा वाऱ्यानं एका गाडीचा शेवटचा थांबा पुसला गेला, तर ती बिचारी तीन दिवस थांबलीच नाही. साहेबांनी थांबा पुन्हा लिहिला, तेव्हा कुठे तिचं चाक थांबलं.

पुढे दिव्यांच्या पाट्या आल्या. मला जिन्याखाली टाकलं आणि माझ्या अंगावर झाडू टेकवले. तिथून मला उचलून घरी आणलं ते स्थानकाच्या कंट्रोलरनं. गाड्यांचं वेळापत्रक बसवणं हेच त्याचं काम. त्याची बायको बदलीच्या गावी, महिन्यातून दोनदा यायची. आणि शाळेला सुट्टी लागल्यापासून अकरा वर्षांचा थोरला आणि सहा वर्षांची धाकटी घरात दिवसभर मोकाट. शेजारच्या काकू अधूनमधून डोकावत, पण डोकावून काय होतंय? पहिल्याच आठवड्यात दोघांनी दुपारी साडेतीनला दात घासले आणि गादीला पोहता येतं का, हे बघायला तिला न्हाणीघरात नेलं.

नेमकी त्याच दिवशी आत्या टपकली. कंट्रोलरची थोरली बहीण. ओली गादी बघून तिनं कमरेवर हात ठेवले.

"अरे, स्थानकावरच्या दीडशे गाड्या सांभाळतोस आणि घरातली दोन पोरं आवरत नाहीत तुला? मी रविवारी येते. तोवर घडी बसली नाही, तर दोघांना घेऊन जाते. थेट शाळा सुरू होईपर्यंत!"

पोरांची तोंडं एवढीशी झाली आणि बाबाचं त्याहून लहान. बायको तिकडे, पोरं बहिणीकडे. मग घरात येऊन यानं हाक मारायची कुणाला?

म्हणून त्यानं मला भिंतीवर टांगलं आणि खडू घेतला. सवयच ती! सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, शेरा असे रकाने आखले. उठणे, सहा चाळीस. दात, सहा पंचेचाळीस ते सहा एकोणपन्नास. अशा बावीस ओळी! स्थानकावर भर गर्दीतही मी इतका दाटीवाटीनं भरलो नव्हतो.

"बाबा, चार मिनिटांत दात होत नाहीत," थोरला म्हणाला.

"मधे मधे बोललं नाही की होतात!"

चूक एवढीच झाली, की शेऱ्याचा रकाना त्यानं पोरांवर सोपवला. स्थानकावर ड्रायव्हर लिहितात ना, तसा. स्थानकावर रोज कुठली तरी गाडी रखडायची, त्यामुळे साडेपाचला सुटणारा हा माणूस आठला घरी यायचा. आला आणि वाचू लागला. आंघोळ: तांत्रिक कारणामुळे रद्द. शुद्धलेखन: उशिरा धावत आहे. बाहुलीचं लग्न: जादा गाडी. पाढे: वाटेत बंद पडले.

"पाढे कुठे बंद पडले?"

"तेराला," थोरला गंभीरपणे म्हणाला. "ढकलून पण बघितले."

बाबानं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी बावीसच्या पंचवीस ओळी झाल्या, शुक्रवारी सत्तावीस. रोज आरडाओरडा, रोज खडूचे तुकडे. मला तर अगदी वीट आला. अहो, मी फळा आहे की रद्दीचं गोदाम?

रविवारी आत्या आली, हातात रिकामी पिशवी घेऊन. बाबा तिला घेऊन माझ्यासमोर आला आणि पांढराफटक पडला. सत्तावीस ओळी गायब! त्यांच्या जागी तीनच, वाकड्यातिकड्या.

सकाळी कामं.
दुपारी काहीपण.
सहाला बाबा.

"हे कुणी पुसलं?" बाबा ओरडला. पोरं छताकडे बघू लागली.

आत्यानं मात्र त्या ओळी दोनदा वाचल्या. "काय रे, जमेल हे?"

"पहिल्या दोन जमतील," थोरला म्हणाला.

"आणि तिसरी?"

दोन्ही पोरांनी बाबाकडे बघितलं.

"ताई, ते माझ्या हातात आहे का? गाड्या रखडतात, मी तरी काय करू..."

"मग यांना नेते. भर रे कपडे."

थोरला जागचा हलला नाही. बाबा खाली बसला.

"शेवटच्या फेऱ्या दुसरा माणूस बघेल," तो शेवटी म्हणाला. "उद्याच सांगतो साहेबांना."

आत्या रिकामी पिशवी घेऊन परत गेली. सोमवारी बाबा सहा वाजून दहा मिनिटांनी दारात उभा, धापा टाकत. धाकटीनं तिथल्या तिथे शेरा लिहिला: उशिरा. मंगळवारी गाडी वेळेवर लागली. आणि मुलांनी आंघोळीसुद्धा केल्या, फक्त दुपारच्या 'काहीपण'मध्ये.

तेव्हा मित्रांनो, आणि तुमच्या आईबाबांनाही सांगा, फळा काठोकाठ भरू नका. श्वास घ्यायला जागा ठेवा. फार गिचमिड झाली, की आम्ही कुणाच्याच कामाचे उरत नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या तीन ओळी लिहिल्या कुणी? मीच! वैतागून अंग झटकलं, सगळा खडू खाली पाडला आणि लिहून काढल्या. अक्षर वाकडं आलं, कबूल आहे. जन्मभर लोक माझ्यावर लिहीत आले, मी पहिल्यांदाच लि...

"खोटं! तुला हात तरी आहेत का? मी लिहिलं ते! आणि बाबाला मी सगळ्यात वर लिहिलं होतं. दादा म्हणाला, तो सहाला येतो, मग खाली लिही!"