बाया घरात असताना

वळ गावात आक्काच्या शब्दापुढे जायची कुणाची छाती नव्हती. २००६च्या त्या फाल्गुनात तिचा शब्द एवढाच होता, "घरात बाया आल्यात. सुई लागायची न्हाय."

बाया म्हणजे देवी. सहा वर्षांच्या भाविकाच्या, तिच्या नातीच्या, अंगावर कांजिण्या उठल्या होत्या. दाराला कडुलिंब लागला, फोडणी बंद झाली. आणि नेमकी त्याच आठवड्यात भाविकाची महिन्याची सुई आली होती.

ही सुई साधीसुधी नव्हे. रक्ताची गुठळी घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन या पोरीच्या अंगात जन्मापासून नव्हतं. लागलं की रक्त थांबायचं, सगळे निर्धास्त झाले की पुन्हा सुरू व्हायचं. तिचा थोरला भाऊ असाच गेला. पलंगावरून पडला, रडला, हसला, जेवला आणि दुसऱ्या दिवशी डोक्यात रक्त साकळून संपला. म्हणून मुंबईहून ते प्रथिन बाटलीतून यायचं, फ्रिजमध्ये राहायचं आणि महिन्याला भाविकाच्या शिरेत जायचं. त्याच्या जोरावर पोर ठणठणीत होती. इतकी, की आक्काला रक्ताची भीती उरलीच नव्हती. देवीची तेवढी होती.

"आक्का, डॉक्टरांनी बजावलंय, चुकवायची न्हाय," सून निशा रडकुंडीला आली.

"बाया कोपल्या तं तुझा डॉक्टर येल का? न्हाणं होऊ दे, मंग लाव."

आक्कानं फ्रिजला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. निशाचा नवरा दीपेश दापोड्याला ट्रक भरायला निघून गेला. आईपुढे हा कायमचा पळपुटा.

खपल्या धरू लागल्या. भाविकानं एक खाजवून काढली, थेंबभर रक्त आलं आणि थांबलं.

"बघ, थांबला ना?" आक्का फुशारकीनं म्हणाली.

"थांबतंच ते, आक्का," निशा म्हणाली.

न्हाण्याच्या दिवशी भाविका सकाळपासून डोकं धरून बसली होती. कडुलिंबाचं पाणी अंगावर पडताच ती भडाभडा ओकली, मान टाकली. कनवटीची किल्ली आक्काला सुटेना, शेवटी ओढून काढून तिनं ती सुनेकडे फेकली. "निशा, सुई काढ गो! रिक्षा आण!" ओरडत तिनं नातीला ओलीच उचलून ओटीवर मांडीत घेतलं. भर दुपार होती. अंगणात ऊन मावत नव्हतं, डोक्यावर पंखा फिरत होता.

भाविकानं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं.

"आक्का, लाइट कवा येल?"