जनीच्या हातावरची हळद

रावसाहेब, जनीला गावातून पदू भगतानं काढलं असं लोक म्हणतात. खोटं आहे. तिला तुम्ही, सरकारच्या अंमलदारानं, काढलंत. देवळाच्या ओट्यावर, घोंगडीवर मांडी घालून, पान चघळत काढलंत.

खाली उन्हात बायकांची रांग उभी होती. पटकीच्या साथीनं गावातली पोरं पटापट उचलली होती आणि भगतानं सांगितलं होतं, गावात कुणी तरी पोरं खाणारी हाय. जिच्या ओंजळीत हळदीचं रगत व्हईल, ती. तो एकेकीच्या हातावर हळदीचं पाणी ओतत पुढं सरकत होता.

"हात फुडं कर गं," तो जनीला म्हणाला.

"पोर रडतंय घरी. पाजून येऊ द्या."

"आदी देवाचं, मग पोराचं."

जनी थेट चुन्याच्या घाणीवरून आली होती. घाटात रेल्वेचे पूल बांधायचे तर चुना लागतो. तो नदीकाठी भट्टीत भाजायचा, पाण्यात विझवायचा, मग बैलाच्या घाणीत वाळू घालून मळायचा. गावातली कुणी बाई त्या कामाला जात नसे. जनीही गेली नसती. पण तिचा नवरा नामा दगड उतरवताना पाय मुरगळून पडला आणि मुकादम म्हणाला, घरातलं दुसरं माणूस पाठव, नाय तर जागा गेली. घरात दुसरं माणूस कोण? म्हातारी सासू सोनुबाई, नाही तर अंगावर पिणारी हिरू. जनी गेली. चुना ओढून ओढून तिच्या तळव्यांना भेगा पडल्या. रोज दुपारी ओढ्यात हात घासून ती पोरीला घ्यायची. त्या दिवशी कोतवालानं ओढ्यापर्यंतही जाऊ दिलं नाही, वाटेतूनच हाकून आणलं.

पिवळं पाणी तिच्या ओंजळीत पडलं आणि भेगाभेगांतून लाल होत गेलं. कुंकू कालवल्यागत लालभडक.

"आगं बाय बाय!" रांग मागं सरली.

रावसाहेब, या मुलखात असं घर नाही जिथं हळद-चुना ठाऊक नाही. पाय मुरगळला, मुका मार लागला, की हळदीत चुना कालवायचा, लाल झाला की ऊन करून लावायचा. भगताची बायको तेच करते. रांगेतली प्रत्येक बाई तेच करते. त्या सकाळी सोनुबाईनं नामाच्या घोट्याला तोच लेप थापला होता, आणि नामा तो लाल पाय घेऊन समोर भिंतीला टेकून उभा होता!

म्हणून जनीला आधी हसूच आलं. "आवो, चुना हाय ह्यो. घाणीवरचा चुना. आत्याबाय, सांगा की वो. सकाळी तुमीच लेप कालवलात न्हवं?"

सोनुबाईनं पदर तोंडावर ओढला. रांगेत जनीच्या मागं तीच उभी होती. तिच्या नखांत सकाळचा चुना होता. जनी सुटली तर पुढची हळद सोनुबाईच्याच हातावर येणार होती. म्हातारीनं हात लुगड्याच्या घोळात लपवले.

जनीनं मान वळवली. लग्नापासून जे तोंडात आणलं नव्हतं ते तिनं सगळ्या गावापुढं ओरडून घेतलं.

"नामा! आरं नामा, बोल की! पाय दाव तुजा!"

नामा जमिनीकडं बघत राहिला.

"नवऱ्याचं नाव घेतलं गं, चारचौघांत!" कोंडी म्हातारी किंचाळली. "जिला नवऱ्याची लाज नाय, ती लोकांची पोरं सोडंल व्हय?"

भगतापुढं पानावर देवाची लिंबं होती. जनीनं झडप घालून एक उचललं, दातानं फाडलं, तळव्यांवर पिळलं. भेगांत आग आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं हात मिटले नाहीत. लाल रंग विरला. तळवे पुन्हा पिवळेजर्द.

"बगा! समदी बगा! लिंबानं उतरलं. चेटूक लिंबानं उतरतं व्हय रं पदू?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भगताचा चेहरा उतरला आणि त्यानं तुमच्याकडं पाहिलं. सगळ्या गावानं तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही बोटानं पानाला चुना लावत होता. मान खाली घातलीत, पान दुमडलंत, तोंडात टाकलंत.

भगताला तेवढं पुरलं.

"देवाचं लिंबू हिसकलं! रगत गिळलं हिनं, तुमच्या डोळ्यांदेकत गिळलं!"

पहिला धोंडा कुणी मारला ते कळलं नाही. तेव्हा तुम्ही बोललात. "मारू नका रे. वेशीबाहेर घाला." आणि याला तुम्ही दया समजलात.

खालापूरच्या वाटेवर तुमच्या कारकुनानं भीत भीत विचारलं, "रावसाहेब, खरंच रक्त होतं का हो ते?"

तुम्ही हसलात. "छे हो वाल्मिकराव! हळद क्षारानं लाल होते, आम्लानं परत पिवळी. मुंबईत शिकताना मास्तरांनी काचेच्या पेल्यात दाखवलं होतं. एक निळा कागदही होता त्यांच्याकडे, आंबट लागलं की लाल व्हायचा. मोठी गंमत."

"मग आपण तिथं काही..."

"गावच्या देवाधर्मात सरकार हात घालत नाही. मजूर बिथरले, तर पूल कोण बांधणार?"

इकडं वेशीबाहेर जनी उभी होती. कपाळावरचं रक्त सुकलं होतं. छाती दगडासारखी घट्ट होऊन ठणकत होती आणि चोळी दुधानं भिजली होती. वेशीलगतच्या घरातून हिरूचं रडणं ऐकू येत होतं. मग नामा लंगडत येताना दिसला. दोन्ही हातांत काही तरी धरलेलं. जनीनं हात पुढं केले.

त्यानं तिचं जुनं लुगडं वेशीच्या दगडावर ठेवलं आणि मागं न बघता तो परत गेला.

हिरू शेळीचं दूध तोंडात घेईना. रडून रडून तिचा आवाज बसला, आणि दिवस मावळायच्या सुमाराला थांबला. जनी कान लावून तिथंच उभी राहिली.

ती पोरगी झोपली की गेली, हे तिला सांगायला कुणी वेशीपर्यंत आलं नाही. रावसाहेब, त्या ओट्यावर एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य तुम्हाला येत होतं. का बोलला नाहीत? जवाब द्या.