मालकीणबाईंचं टोपडं

"नुसत्या मुक्यानं एवढासा जीव जातो, हे आम्हाला आधी कुणीच का नाही सांगितलं?"

मामानं हे दवाखान्याच्या व्हरांड्यात ओरडून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "हळू बोला, आत बाळं झोपलीत." मलाही ओरडायचं होतं, पण मला तोंडच नाही. मी टोपडं आहे. आज बोलतोय, तर ऐका.

माझा जन्म शर्टांच्या कारखान्यातला. मामा तिथे कॉलरी बसवतो. ताईला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा तो मशीनवर होता. त्यानं पुढ्यातला गठ्ठा बाजूला सारला, अंगातल्या जुन्या मऊ शर्टाची बाही कापली आणि मला शिवलं. माप कुणाला विचारलं नाही. विचारत बसायचा त्याचा स्वभावच नाही. मग एकाच बाहीचा शर्ट घालून तसाच धावत सुटला.

ताई खाटेवर पडल्या पडल्या हसली. "बाळासाठी शिवलंस की बाळाच्या आजोबांसाठी? अरे, हसवू नकोस मेल्या, टाके दुखतात!"

"वाढेल की ती. मालकीणबाई आहेत त्या आमच्या."

तेव्हापासून ती सगळ्यांचीच मालकीणबाई झाली. माझी तर खरोखरची मालकीण. तिची टाळू माझ्याखाली धकधकायची. एवढ्या जवळून ते कळायचं, ते फक्त मला.

घरी आल्यावर पाहुण्यांची रीघ लागली. बाळ पाहायला आलेल्या माणसांचं डोळ्यांनी पाहून भागत नाही. नाक लावतात, गाल लावतात, ओठ लावतात. हात मात्र धुऊन येतात आणि कौतुकानं सांगतात, "धुतलेत हं!" तोंडाचं कुणाच्या मनातही येत नाही.

आत्याचा तिच्यावर फार जीव. बाळाच्या वडिलांची ती धाकटी बहीण. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोडांचा पुंजका उठतो, ज्याला जर म्हणतात, तो तिला आला होता. "उष्णता झालीय," म्हणत तिनं मलम चोपडलं. मग बाळ मांडीवर घेतलं, मी डोळ्यांवर आलो होतो म्हणून मला एका बोटानं वर सारलं आणि दोन्ही मिटल्या पापण्यांचे मुके घेतले.

मी वर सरकलो. सरकवलं की सरकायचं, दुसरं मला काही येत नाही.

पुढे मालकीणबाई दूध ओढेनाशी झाली. हाक मारली की एक डोळा किलकिला करायची, पुन्हा मिटायची. मला ती आधी कढत लागली, मग गार.

आजोबा म्हणाले, "शहाणी आहे पोर. रडणं नाही, काही नाही."

"ही शहाणी नाही, मामंजी, ही दमलीय," ताई म्हणाली. तेवढ्यात बाळाचा एक हात आपोआप झटके देऊ लागला. मामानं तिला उचललं आणि रिक्षात जाऊन बसला. बाकीचे मागून आले.

दवाखान्यात मला उतरवलं. डोक्याच्या शिरेत सुई लावायची होती, म्हणून तिच्या कानावरचे केस काढले. मामा मला मुठीत धरून उभा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला ताप? कुणाला काही आजार होऊन गेला?"

"छे छे!" आजोबा पुढे झाले. "कुणालाच काही नाही. घर कसं आरशासारखं आहे आमचं."

त्या घराची रीतच तशी. बाहेरच्यानं काही विचारलं की उत्तर आजोबा देणार आणि बाकीचे माना डोलावणार. आत्यानंही डोलावली. ती खोटं नव्हती बोलत. तिची खपली केव्हाच पडून गेली होती, आणि ओठावरच्या फोडांना आजार म्हणतात हे तिच्या गावीही नव्हतं.

मला सगळं ठाऊक होतं. त्या ओठांच्या मी किती जवळ होतो! मामाच्या मुठीत मी घामानं चिंब झालो, पण टोपडं ओरडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या जंतूंवरचं औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी काचेच्या पेटीत डोकावताना ताई म्हणाली, "अरे, तिच्या पापणीवर बघ. आत्यांच्या ओठावर होते, तसलेच फोड ना हे?"

मामा अनवाणी धावला. औषध लगेच बदललं. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला होता. मोठ्या माणसाच्या ओठावर ज्या विषाणूचे फोड आपले आपण सुकून जातात, तो मुक्यातून इतक्या कोवळ्या बाळाला लागला की अंगभर पसरतो, जीवही घेतो, म्हणाल्या, आणि हिच्या तो मेंदूपर्यंत गेलाय. मामानं ओरडून विचारलं ते तेव्हाच. आत्या समोरच उभी होती. तिनं तोंडावर हात नेला आणि तो काढलाच नाही.

दुपारी मालकीणबाई गेली.

माणसांनो, तान्ह्या बाळाला डोळे भरून बघा, बोट धरायला द्या, पण ओठ लांब ठेवा. आणि डॉक्टर घरच्यांना काही विचारतील, तेव्हा एकानं सगळ्यांचं उत्तर देऊ नका.

मी आता तिच्याबरोबर मातीत आहे. इथेही मी तिला मोठाच होतो.

पण त्याआधी, ताईला आत बोलावण्यापूर्वी, मामानं सिस्टरकडे थोडा वेळ मागितला. बाळाच्या डोक्यावर काढलेल्या केसांची जागा होती, सुयांचे डाग होते, चिकटपट्टीनं सोललेली कातडी होती. त्यानं खिशातून मला काढलं, हातानंच इस्त्री केल्यासारखं सपाट केलं आणि सगळं झाकेल असं नीट बसवलं. हनुवटीखाली बंद बांधले, काचणार नाहीत असे सैल. मग दार उघडून म्हणाला,

"ताई, ये. आणि येताना आत्यांनाही घेऊन ये."